पहिलीच्या हाताला पोचणारा खिळा

रांजणामागच्या भिंतीवरून मी बोट फिरवत होते. नवा रंग होता, फिकट निळा, उन्हाने तापलेला, बोटाला जरा चिकटणारा. वर एक हसरा साबण काढला होता, हातपाय असलेला, आणि त्याच्यापुढे हिरवे जंतू जीव मुठीत धरून पळत होते. त्या जंतूंच्या खाली, माझ्या छातीच्या उंचीला, बोट किंचित आत गेलं. रंगाखाली बुजलेलं एक भोक. डोळ्यांना ते दिसत नव्हतं. बोटाला मात्र लगेच ओळख पटली.

"ताई, पाहुण्यांसाठी खुर्ची ठेवलीय," मागून मुख्याध्यापक म्हणाले.

"बसते सर," मी म्हणाले आणि उभीच राहिले.

जळगावहून सकाळच्या गाडीने मी नरडाण्याला उतरले होते, तिथून रिक्षाने गावात. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. शाळेत आरोग्य सप्ताह होता आणि सरांनी फोनवर म्हटलं होतं, ताई, तुम्ही याच शाळेच्या, तुम्ही लिहिता, स्वच्छ हातांवर एक पत्रक लिहून द्या, मुलांशी दोन शब्द बोला. मी आनंदाने हो म्हटलं होतं. पत्रक छापून झालं आणि मग सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी पहिलीपासूनची मैत्रीण. गावाच्या टोकाला, भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत तिचं घर. लग्नानंतरही ती तिथेच राहिली आणि तिची आरती आता त्याच शाळेत पहिलीत आहे.

"पत्रकं वाटाले येई ऱ्हायनी ना तू?" ती म्हणाली. "वाट, वाट. पन पहिले मनी आंडेरले, आरतीले, पानी पाज."

"म्हंजे?"

"आंडेर शाळामा पानी पेस नही. घर येस ते गडवाच तोंडले लावस, दम बी लेस नही. इचारं ते म्हनस, माले नको ते वरतून पडनारं पानी."

वरून पडणारं पाणी. एवढ्या तीन शब्दांनी मला सगळं समजलं. कारण त्या शाळेत, त्याच रांजणापाशी, पाणी वरून पडू नये म्हणून एका बाईने सगळ्या गावाशी वाकडं घेतलेलं मी पाहिलं होतं.

आमच्या शाळेला एक वास होता. निंबाच्या ओल्या पाल्याचा, खडूचा, खिचडीतल्या हळदीचा, आणि या सगळ्यांवर मात करणारा लाल साबणाचा. आमच्या शिक्षिका रेखाबाई त्या साबणाची वडी दोऱ्याने कापायच्या. दोरा वडीभोवती गुंडाळून दोन्ही टोकं ओढली की साबण न कुरकुरता दुभंगायचा, आणि आत जो ताजा लाल रंग दिसायचा तो मला अजूनही सगळ्या लालांमध्ये पहिला वाटतो. ते तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांमध्ये बांधून निंबाच्या खालच्या फांदीला लटकवलेले असायचे. वारा आला की झाडाला साबण लागल्यासारखे ते डोलायचे. गावात नवा आलेला एक फेरीवाला एकदा कुंपणाशी थांबून विचारता झाला, हे कसलं फळ?

हात धुवायचे ते साताचा पाढा पुरा होईपर्यंत. हा बाईंचा नियम. खिचडीच्या सुट्टीआधी आम्ही रांगेत उकिडवे बसायचो, मोठी मुलं तांब्याने पाणी घालायची आणि सगळ्या अंगणभर एकच सूर चढायचा. सात एके सात, सात दुणे चौदा. तळहात, मग हातांची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे. ज्यांना पाढा येत नव्हता त्यांचे हात शाळेत सगळ्यांत स्वच्छ असायचे, कारण ते सात पंचेपाशी अडकून तिथेच चोळत बसायचे. सुनंदा पाढा गाडीसारखा पळवायची. बाईंनी तिला तेराचा दिला. तिने तोही पळवला. मग बाई म्हणाल्या, "सुनंदे, तू उलटा म्हण." मी आज जळगावच्या बेसिनपाशी उभी असले तरी ओठ हलतात. सोबतच्या मुली हसतात. हसू देत.

सोमवारी नखं. नेलकटर बाईंच्या टेबलाला सुतळीने बांधलेला होता, त्यामुळे नखं कापायला माणसाला टेबलाकडे जावं लागायचं आणि सगळ्या वर्गाला कळायचं. जंताच्या गोळीच्या दिवशी बाई आधी आपल्या जिभेवर गोळी ठेवून दाखवायच्या. गोडसर, खडूसारखी, दातांखाली भुगा होणारी. सुनंदाने ती चघळून विचारलं होतं, "बाई, आखो शे का?" बाई म्हणाल्या, ही पेपरमिंट नाही गं. पण त्या हसू दाबत होत्या हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

आणि घरी गेले की दुसरा वास. शाईचा आणि रॉकेलचा. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्यात एक छोटा छापखाना चालवायचे. संध्याकाळच्या एसटीने ते परत यायचे तेव्हा त्यांच्या काखेत वाया गेलेल्या पत्रकांचं भेंडोळं असायचं. कुठे शाई फाकलेली, कुठे ओळ तिरकी. मागची बाजू कोरी असायची आणि ती माझी वही होती. पुढची बाजू माझं वाचनालय. मी अक्षरं शिकले ती 'बंधू आणि भगिनींनो' या शब्दांवर. मोर्चाला या, बाळाला पोलिओचा डोस द्या, तापीचं पाणी आमच्या शेतात कधी, सप्ताहाची सांगता. आमच्या घरात डबे पत्रकांवर उभे होते, पुस्तकांना पत्रकांची कव्हरं होती, भाकरी पत्रकात गुंडाळून शाळेत जायची आणि भाकरीच्या पाठीवर कधीकधी उलटं 'झिंदाबाद' उमटायचं. मला वाटायचं, जगात जे काही घडतं ते आधी कुणीतरी छापून वाटतं. उशिरा कळलं की बरंच काही न छापता, न बोलता घडतं आणि तेच जास्त पक्कं असतं.

एका पावसाळ्यात कावीळ आली. कुठून आली, कोणत्या पाईपातून, ते मोठ्यांनी बरंच बोलून झालं. मला आठवतात ते डोळे. हळद कालवल्यासारखे डोळे घेऊन मुलं ओट्यांवर बसलेली, गळ्यात पांढऱ्या काड्यांची माळ. माळ लांब होत पोटावर आली की कावीळ उतरली असं घरोघर मानत. वर्गात बाकांवर मोकळ्या जागा पडल्या. खिचडीचा पातेल्याला लागलेला करपट वास दिवसभर राहायचा, कारण खाणारे कमी होते. सगळी मुलं हळूहळू परतली. माझ्या मागे बसणारा हिरामण परतला नाही. त्याचं दप्तर दिवाळीपर्यंत खुंटीला होतं. ते काढायला कुणी तयार नव्हतं. शेवटी बाईंनी काढलं, पुसलं आणि त्याच्या आईकडे नेऊन दिलं.

त्यानंतर बाई सुट्टीत रांजणापाशी उभ्या राहू लागल्या. नुसत्या पाहत. रांजण निंबाच्या सावलीत, भिंतीला टेकून अर्धा मातीत पुरलेला. आम्ही पेले घेऊन यायचो आणि पाण्यात पार मनगटापर्यंत हात घालायचो. धुतलेले हात, न धुतलेले हात, गोट्या खेळलेले हात, सगळे एका पाण्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनंदाला विचारलं, "तुझे वडील वेल्डिंगला आहेत ना?"

सुनंदाचे वडील, उत्तमकाका, नरडाण्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला जायचे. बाजारातली ओगराळी आमच्या खोल रांजणाला आखूड पडत होती. काकांनी स्टीलचा एक पेला घेतला, त्याला हातभर सळई जोडली आणि सळईचं वरचं टोक आकड्यासारखं वाकवलं. जोडापाशी धातू तापून जांभळा-निळा झाला होता, मोरपिसाच्या डोळ्यासारखा. आम्ही सगळ्यांनी त्याला हात लावून पाहिलं. सुनंदा त्या दिवशी वर्गात कुणाशी सरळ बोलतच नव्हती, एवढी तिची मान ताठ.

बाईंनी खिळा ठोकला तो स्वतः. आधी पहिलीतल्या सगळ्यांत बुटक्या मुलाला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाल्या, "हात वर कर. अं हं, टाचा उचलायच्या नाहीत." त्याची बोटं पोचली तिथे खडूची खूण, आणि खुणेवर खिळा. आकडा खिळ्यात अडकला. हातभर दांडा खाली लोंबला. "आता कुणाला कुणाची गरज नाही," बाई म्हणाल्या. "ओगराळ्याने पाणी आपलं आपण घ्यायचं, आपल्या पेल्यात ओतायचं, ओगराळं परत लावायचं. पाण्याला बोट लागता कामा नये."

आणि लागलं नाही. काही दिवस गाव कौतुकानं पाहायला आलं. मग आबा आले.

आबा म्हणजे आमच्या समोरच्या घरातले, शाळेच्या समितीवरचे, गावात ज्यांचा शब्द चालायचा ते. पांढरं धोतर, टोपी, बोलणं मऊ. वर्ग चालू होता. ते दारात उभे राहून म्हणाले, "बाई, ओगराळं झकास शे. पन एक काम करा. दांडा आमना घरनी एखादी पोरना हातमा द्या. भिलाटीना पोरेस्नी ओंजळ धरानी, वरतून पानी सोडानं. सरकारना नियम बी ऱ्हाई, गावना बी ऱ्हाई."

इतकं समजुतीचं बोलणं होतं ते! कुणाला ओरडणं नाही, कुणाला शिवी नाही. स्वच्छतेच्या नावानं सगळं कसं सुबक बसत होतं. मी बाजूला पाहिलं. सुनंदा वहीच्या समासात रेघा मारत होती, एकीवर एक, कागद फाटेपर्यंत.

बाईंनी खडू ठेवला. "आबा, हा दांडा लांब केलाय तो हात पाण्यात बुडू नये म्हणून. माणूस माणसापासून लांब राहावा म्हणून नाही."

"बाई, गाव काय म्हनी?"

"गावाला म्हणावं, कावीळ कोणाच्या गल्लीत आली नव्हती ते दाखवा."

आबा हसले. "तुम्ही बदलीना मानूस. आज आठे, सकाय तठे."

"जाईन ना आबा. पण खिळा इथंच राहील."

बाईंचं ते सगळं बोलणं मी घरी जाऊन पत्रकाच्या मागे लिहिलं. नानांनी वाचलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "दांड्याचं जे बोलल्या ते आधी घे. ते मोठ्या टायपात शोभेल." आणि त्यांनी ते खरंच छापलं. छोटं, हातभर रुंदीच्या कागदाचे चार तुकडे करून. आबांच्या ओट्यावरही एक गेलं. ते मी ठेवलं होतं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

दुसऱ्या दिवसापासून मुलं घरून बाटल्या आणू लागली. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या, हिरव्या, केशरी, झाकणाला दोरी बांधलेल्या. मोठ्या गल्लीतल्या एकाही मुलाने रांजणाला हात लावायचा नाही असं घरोघर ठरलं होतं. रांजण भरलेला राहू लागला. बाई सुट्टी झाली की आधी जायच्या, ओगराळं काढायच्या, पेल्यात ओतायच्या, सगळ्यांदेखत प्यायच्या. त्यांच्यामागून सुनंदा आणि भिलाटीतली मुलं. मग मी. माझ्या आईला गल्लीत टोमणे बसायचे, "तुमनी आंडेर ते आते तिकडलीच व्हई गयी." आई म्हणायची, "तहान लागनी व्हई तिले," आणि पुढे भांडी घासायची.

असा हिवाळा गेला. मग आमच्याकडचा उन्हाळा आला.

खान्देशातलं ऊन ज्याने खाल्लेलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळच्या शाळेतही मधल्या सुट्टीपर्यंत पत्रे कडकड वाजायला लागायचे. कावळे चोच उघडी ठेवून बसायचे. कपाशीच्या पराट्या रचलेल्या वाड्यांमधून गरम, कोरडा वास यायचा. आणि त्या हिरव्या-केशरी बाटल्यांमधलं पाणी असं तापायचं की नुसती चहापत्ती टाकायची खोटी. निंबाखालचा रांजण मात्र घामेजलेला. त्याच्या अंगावर बारीक थेंब, तळाशी ओल, ओलीत एक बेडूक. त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी गार वाटायचं.

आबांचा नातू पप्प्या एक दिवस खो-खो खेळून आला, लालबुंद. बाटलीतला एक घोट घेतला आणि थुंकला. सगळी मुलं त्याच्याकडे पाहत होती. त्याने रांजणाकडे पाहिलं, मग घराच्या दिशेने पाहिलं, आणि धावत जाऊन ओगराळं काढलं. एक पेला, दुसरा, तिसरा, आणि चौथा डोक्यावर.

"पप्प्या!" बाई वर्गातून ओरडल्या. "डोक्यावर नाही! नळाला पाणी रोज येत नाही!"

त्या संध्याकाळी समोरच्या ओट्यावरचं बोलणं मला ऐकू आलं.

"पिना का रे शाळामा पानी?"

"पिनू आबा."

मग आबा म्हणाले, "थंड व्हतं?"

"बर्फ!"

त्यानंतर बाटल्या एकेक करून नाहीशा झाल्या. कुणी चूक मानली नाही, कुणी जाहीर केलं नाही. रांजणाभोवती रांग लागली आणि तिच्यात कोण कुणाच्या पुढे मागे हे पाहायला उन्हात कुणाला सवड नव्हती. त्या पुढच्या पावसाळ्यात गळ्यात माळा घातलेली मुलं ओट्यांवर दिसली नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

बाईंची बदली तापीपलीकडे झाली. दोन पिशव्या आणि एक गुंडाळी केलेला तक्ता घेऊन त्या एसटीची वाट पाहत होत्या. निघण्याआधी त्या एकट्याच रांजणाकडे गेल्या. मी मागे गेले होते. त्यांनी ओगराळं काढून बाजूला ठेवलं, खिळा चिमटीत धरून हलवून पाहिला. हलला नाही. त्यांनी ओगराळं परत लावलं आणि पदराने बोटांचा गंज पुसला. एवढंच.

तो खिळा आता नव्हता. त्याचं भोक निळ्या रंगाने बुजलं होतं आणि माझं बोट त्या भोकावर होतं. नवा खिळा वर होता, हसऱ्या साबणाच्या डोक्यापाशी, माझ्या कपाळाच्या उंचीला. ओगराळं तेच. मोरपिशी जोड अजून तसाच होता.

अंगण बदललं होतं. पांढऱ्या फरशीचं हात धुवायचं केंद्र, ओळीने चकचकीत नळ. मी एक फिरवला. सुस्कारा आला, पाणी नाही. खाली बादली आणि तांब्या. रांजणापाशी निळा पट्टा घातलेली चौथीतली एक मुलगी उभी होती, ईश्वरी. पट्ट्यावर सोनेरी अक्षरांत 'जलदूत'. खिचडीच्या आधीची रांग सुरू झाली. ईश्वरी टाचा उंचावून ओगराळं काढत होती आणि प्रत्येकाच्या पेल्यात ओतत होती, हसत, नावं घेत. रांगेच्या शेवटी भिलाटीतली मुलं आली. त्यांच्याकडेही पेले होते. पण ईश्वरीचा हात आपोआप वर गेला आणि मुलांचे पेले आपोआप खाली, ओंजळी आपोआप पुढे. कुणी काही सांगितलं नाही. पाणी उंचावरून पडलं, मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळलं, पायांवर उडालं. आरती रांगेत नव्हती. ती निंबाच्या बुंध्याला टेकून कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत उभी होती.

"सर, ही व्यवस्था कधीपासून?" मी विचारलं.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्या कपाटात मुलींसाठी पॅड असतात, मलम असतं, मुलाला ताप आला तर ते स्वतःच्या मोटरसायकलवर घरी सोडतात. ते उत्साहानं म्हणाले, "ही आपली कल्पना, ताई. इतके हात ओगराळ्याला लागणार, कुणाचे स्वच्छ, कुणाचे नाही, कसं कळणार? म्हणून चांगल्या सवयींची मुलं निवडली. बाकी कुणी हात लावायचा नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनीही कौतुक केलं."

"भिलाटीतलं कुणी आहे निवडलेलं?"

"तसं काही नाही हो मनात. पालकांनी नावं सुचवली."

"पेला असून ती मुलं ओंजळ का धरतात?"

सरांनी रांगेकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी ते त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं. "ते... मुलांमुलांचं असेल," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत आबा होते. आता पाठ वाकलेली, कानात यंत्र. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

माझं भाषण पिशवीतच राहिलं. मी माईक घेतला नाही. मी बादली उचलून निंबाखाली आणली आणि म्हणाले, "चला, सगळ्यांनी हात धुवायचे. साताचा पाढा पुरा होईपर्यंत. ज्याला येत नाही त्याने जास्त धुवायचे." मुलं खिदळली. मी तांब्याने पाणी घातलं. सात एके सात. अंगणभर तोच सूर, वीस वर्षं कुठेतरी झाडात लपून बसलेला, उतरला. साबणाचा वास उठला. आरतीही आली. तिने बोटांच्या बेचक्या चोळल्या, अंगठे चोळले, आईसारखी सुसाट.

मग मी जलदूताला विचारलं, "ईश्वरी, बघून सांग, यांच्यात कुणाचे हात घाण आहेत?"

ती प्रामाणिक मुलगी होती. एकेकाचे तळहात उलटेपालटे करून पाहत गेली. "आता? आता कुणाचेच नाहीत, ताई."

"मग दांडा तुझ्याच हातात का?"

तिने पट्ट्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं.

"पोरी," आबा खुर्चीतून म्हणाले, "तू नानानी आंडेर ना? तुनी बाई बी अशीच बोले. गयी ना?"

"गयी आबा," मी म्हणाले. "पन तिना खियानं भोक शे आजून."

मला चीड आली होती आणि ती मला लपवायची नव्हती. हात धुवायला शिकवायचं आणि मग हातावर विश्वास ठेवायचा नाही, हे कसलं आरोग्य? रोग पाण्यातून येतो हे शिकवता शिकवता रोग माणसातून येतो असं मुलांच्या मनात उतरवायचं, तेही सोनेरी अक्षरांत? आणि मला आणखी एक उमगलं होतं त्या भोकावर बोट ठेवून. त्या वर्षी उन्हाळा आमच्या बाजूने लढला होता. पप्प्याच्या घशाला कोरड पडली म्हणून रांग एक झाली. तहान भागली की माणसं आपापल्या गल्लीत परत जातात. मी तहानेच्या भरवशावर बसायला आले नव्हते. खिळा हवा होता, आणि तो पहिलीच्या हाताला पोचेल तिथे हवा होता.

मी ओगराळं काढून आरतीच्या हातात दिलं आणि वरचा खिळा धरून ओढला. तो हलता हलेना. मी कडेचा एक दगड उचलून खालून ठोके मारू लागले. निळ्या रंगाचे पापुद्रे उडाले. साबणाचा एक पाय गेला.

"ताई, भिंत आत्ताच रंगवलीय हो!" सर कळवळले.

"मग उठून दिसेल, सर."

खिळा निघाला. खालच्या भोकात घालून मी ठोकला तर वाकडा झाला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. फाटकाबाहेर उभी असलेली सुनंदा आत आली होती.

"सरक व," ती म्हणाली. "तुले खिया बी ठोकता येस नही. पत्रकं लिखी खा तू."

तिने खिळा फरशीवर ठेवून दगडाने सरळ केला. आरतीला भिंतीशी उभं केलं. "हात वर कर. टाचा उचलू नको." आरतीची बोटं जिथे पोचली तिथेच जुनं भोक होतं, केसभर इकडे ना तिकडे. सुनंदाने ठोकायला घेतलं. उत्तमकाकांची मुलगी ती, दगड पडत होता तो नेमका डोक्यावर. खुर्च्यांमधून कुणी उठून गेलं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा नव्हते ते. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. वाचायची गरजही नव्हती.

आरतीने ओगराळं रांजणात सोडलं. बोट पाण्याला लागलं नाही. पेल्यात ओतलं आणि पेला तोंडाला लावला. घटाघट, दम न घेता, गळ्याची हालचाल सगळ्या अंगणाला दिसेल अशी. दुसरा पेला भरला. मग आकडा खिळ्यात अडकवला, टाचा न उचलता. दांडा लोंबला, हेलकावत राहिला, जांभळ्या जोडावर ऊन चमकलं. मग ईश्वरीने पट्टा डोक्यावरून काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि आरतीच्या मागे रांगेत येऊन उभी राहिली, कारण तिलाही तहान लागली होती आणि सकाळपासून ती नुसती पाणी वाढत होती.

पत्रकं मी वाटली नाहीत. त्यांत हात कसे धुवावेत ते सगळं बरोबर होतं, पण दांड्याबद्दल एक शब्द नव्हता. गठ्ठा परत आणला. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर हे लिहितेय, गाडीत, अक्षर हलतंय. नवं पत्रक पुढच्या आठवड्यात जाईल, त्या शाळेत आणि जिथे जिथे रांजण आहे त्या शाळांत. त्यावर रेखाबाईंचं दांड्याबद्दलचं ते एकच वाक्य असेल, नानांनी सुचवलेल्या मोठ्या टायपात. आणि त्याखाली, खिळ्याची उंची कशी ठरवायची ते.

सरांचा फोन येईल, पालक चिडलेत म्हणून. येऊ दे. कुणी खिळा उपटेल. उपटू दे, भोक तिथेच आहे आणि सुनंदाचं घर शाळेपासून लांब नाही.

निघताना मुलं खिचडीला बसली होती. मी रांजणाकडे गेले, ओगराळं काढून बाजूला ठेवलं आणि खिळा चिमटीत धरून हलवून पाहिला.

हलला नाही.